दोन मार्क

"तुझी फाइल माझ्यापर्यंत आलीच नाही," सर म्हणाले. दीड वर्ष झालं, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सोलापूरला एमबीबीएस, इंटर्नशिप, मग अमेरिकेच्या स्टेप्स, म्हणजे तिथे डॉक्टरकी करायच्या परीक्षा. 26 जानेवारी 2022 पासून स्टेप वनचे आकडी गुण बंद झाले, नुसतं पास-नापास उरलं. तेव्हा हॉस्टेलवर आम्ही पेढे वाटले होते. मग सगळं ओझं स्टेप टूवर येऊन पडलं. मुंबईच्या सेंटरवर नऊ तास, आठ ब्लॉक. स्कोअर आला 238. पास व्हायला 214 पुरत होते. आणि एकदा पास झालं की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या सर्जरी विभागात सरांच्या हाताखाली वर्षभर बिनपगारी संशोधन केलं. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनचे चारशेवर केसपेपर एकटीने वाचले. कुणाला कितव्या दिवशी गळती लागली, ड्रेन कधी काढला, सगळं तोंडपाठ होतं. शिफारसपत्र सरांनी स्वतः लिहिलं. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच विभागात जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीला अर्ज केला. इंटरव्ह्यू आला नाही.

कोऑर्डिनेटर बाईंनी सांगितलं, परदेशी पदवीधरांना 240 ची चाळणी असते. त्याखालचे अर्ज कुणी उघडतच नाही. म्हणजे सरांनी लिहिलेलं पत्र सरांनाच दिसलं नाही! चौथ्या मजल्यावर लिहिलं आणि दुसऱ्या मजल्यावर अडकलं. दोन मार्कांसाठी. तीनशेवर प्रश्नांच्या पेपरात दोन मार्क म्हणजे किती? सातव्या ब्लॉकला माझं डोकं दुखत होतं, तेवढेच. तोच माणूस पुन्हा बसला तर गुण थोडे वर-खाली होणारच, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही मान्य आहे. मग 238 आणि 240 मधला फरक हुशारीचा कसा? माझे टाके त्या दोन मार्कांनी सैल पडतात का?

जागा थोड्या, अर्ज ढीगभर, हे मला कळतं. पण ज्या मुलीने तुमच्याच विभागात वर्ष घालवलं, तिचं पत्र तरी वाचा. आणि मुलांनो, संशोधनाला येण्याआधीच विचारून घ्या: माझी फाइल उघडली जाईल का? संकोच करू नका.

तरी खरं सांगायचं तर आता स्टेप वनचा आकडा गेल्याचंही वाईट वाटतं. आमचं कॉलेज इथे कुणाला ठाऊक नाही, 260 मात्र सगळ्यांना कळतं. मिरजेच्या माझ्या मैत्रिणीला संशोधनाशिवाय नऊ इंटरव्ह्यू आले, ते स्टेप टूच्या 261 वर. आकडा नसता तर तिच्याकडे कुणी पाहिलं असतं?

मार्चमध्ये माझी मॅच झाली नाही, म्हणजे कुठेच रेसिडेन्सी मिळाली नाही. मी अजून इथेच आहे. गेल्या आठवड्यात सरांनी ऑब्झर्व्हरशिपचे, म्हणजे नुसतं पाहून शिकायला येणाऱ्यांचे, शहाऐंशी अर्ज माझ्याकडे दिले, निवडून द्यायला. मी यादी उघडली आणि आधी स्कोअरचा रकाना उतरत्या क्रमाने लावला. वरचे वीस वाचले. बाकीचे अजून उघडलेले नाहीत.