स्वतःचा ट्रॅक्टर

आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडते आणि सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे निघते. त्याच सुमारास या पट्ट्यात ऊसतोडीचे करार होत असतात. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, रेड्याजवळचा नीरा-भीमा अशा कारखान्यांचं गळीत सुरू व्हायला अजून तीन-चार महिने असतात, पण ऊस वाहतूकदाराचं वर्ष इथूनच सुरू होतं. कारखान्याकडून किंवा त्याच्या हमीवर बँकेकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, ती टोळी आणणाऱ्या बीडकडच्या मुकादमाच्या हातावर ठेवायची आणि मुकादमानं ती कोयत्यांना, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांना, वाटायची. टोळीत दहा-बारा कोयते धरले आणि कोयत्यामागे उचल लाखाच्या घरात धरली, तर उसाचं एक कांडंही तुटण्याआधी दहा-बारा लाख रुपये परक्या गावात गेलेले असतात. त्यावर ट्रॅक्टरचे हप्ते वेगळेच.

तरीही शेळगावसारख्या गावातला पंचविशीतला मुलगा या धंद्यात का उतरतो, हे समजून घ्यायला हवं. वाटण्या होत होत जमीन दोन-अडीच एकरांवर आलेली असते. बारामतीच्या एमआयडीसीत काम मिळतं, पण पुष्कळदा तेही ठेकेदारामार्फत, आज आहे आणि उद्या नाही असं. मग वाटतं, दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा आपला ट्रॅक्टर, आपल्या दोन ट्रॉल्या, आपली टोळी. पहिल्या हंगामात खेपा चांगल्या होतात. ट्रॉलीच्या फळीवर आईवडिलांची नावं रंगवली जातात. पंधरवड्याचं बिल जमा झालं की घरात मान मिळतो. तो आनंद खरा असतो आणि त्याला कुणी हसू नये.

ठेच लागते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मुकादम एकाच टोळीवर दोघातिघांकडून उचल घेतो आणि तिसऱ्याच्याच फडावर जातो. कधी टोळी येते, महिनाभर तोडते आणि एका पहाटे खोपी रिकाम्या दिसतात. कारखान्याच्या दृष्टीने करार वाहतूकदाराशी झालेला असतो, त्यामुळे वसुली त्याच्याच बिलातून होते. बँकेची नोटीसही त्याच्याच नावाने येते.

मग तो जीप करून मुकादमाच्या गावी जातो. या धंद्यातला खरा पश्चात्ताप तिथे सुरू होतो. मुकादम सापडत नाही; सापडतं ते एखाद्या कोयत्याचं घर. पत्र्याची खोली, दारात म्हातारी, शाळेतून मध्येच काढून आणलेली दोन पोरं. उचल दवाखान्यात किंवा लेकीच्या लग्नात कधीच संपलेली असते. समोरचं कुटुंब आपल्यापेक्षा गरीब आहे हे दिसत असतं आणि तरी आवाज चढवावा लागतो. पैसे बुडाल्याचं दुःख असे लोक बोलून दाखवतात. आपण तिथे कसे वागलो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. सावकारीत आलेली खतपत्रं तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. याच रस्त्यावर त्या पालखीला पाणी वाटणाऱ्या माणसावर वसुलीला जायची वेळ यावी, हे फार वाईट आहे.

शेळगावपासून फार दूर नसलेल्या वालचंदनगरचं उदाहरण इथे धंद्यात उतरणाऱ्या मुलांना हमखास दिलं जातं. वालचंद हिराचंद हेही मुळात ठेकेदारच. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे बोरघाटातले बोगदे, जहाजं, विमानं, मोटारी आणि 1930च्या दशकात कळंबच्या माळावर उभी राहिलेली ही साखरनगरी. ही गोष्ट खरी आहे, पण सांगताना लक्ष्मणराव फाटक गाळले जातात. फाटक हे वालचंदांचे पहिले भागीदार आणि आधी रेल्वेतले कारकून. रेल्वेचं काम आतून कसं चालतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. वालचंदांच्या पाठीशी व्यापारी घराण्याचं भांडवलही होतं. शेळगावच्या मुलाजवळ यातलं काहीच नसतं. बरेचदा तो करार न वाचताच सही करतो, कारण रांगेत मागे दुसरा उभा असतो.

जानेवारी 2024मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणी मजुरांच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती योग्यच होती. वाहतूकदारावरचं बुडालेल्या उचलीचं ओझं मात्र त्याने हललं नाही. टोळीवाचून चालावं म्हणून हार्वेस्टर घ्यावा, तर 35 लाखांपर्यंतचं अनुदान धरूनही कर्ज मोठंच राहतं, आणि शेळगावकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात ते यंत्र नीट वळतही नाही.

तेव्हा बदल करारातच व्हायला हवा. त्यावर कारखाना, वाहतूकदार आणि मुकादम अशा तिघांच्या सह्या हव्यात. मुकादमाची नोंद सगळ्या कारखान्यांना दिसेल अशी हवी, म्हणजे एकाच टोळीवर दोन उचली निघणार नाहीत. टोळी पळाली तर तोट्याचा वाटा कारखान्यानंही सोसावा, कारण ऊस त्याच्याच गव्हाणीत जातो. आणि उचल मुकादमाच्या हाती रोख न देता थेट कोयत्याच्या बँकखात्यात जावी. ते खातंही नवरा-बायको दोघांच्या नावाचं असावं, कारण मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहणारी बाई आज त्या हिशेबात कुठेच नाही.