हो म्हटल्यानंतर

मामांच्या खटल्याचा निकाल खरे तर एका शब्दावर लागला. बंद दालनात न्यायाधीशांनी विचारले, "अर्ज स्वेच्छेने केला आहे ना? कुणाचा दबाव?" मामा म्हणाले, "स्वेच्छेनंच, साहेब."

त्यांच्या टेम्पोखाली एक माणूस गेला होता. ब्रेक लागलेच नाहीत, असे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण तारखांना हेलपाटे घालून दोन वर्षे झाली होती आणि वकिलांनी हिशेब समोर मांडला होता: कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, तडजोड केली तर चौथा हिस्सा, म्हणजे सहा महिने. मृताच्या घरच्यांना द्यायची भरपाई ठरली. सह्या झाल्या.

सुटून आल्यावर एका संध्याकाळी मामा म्हणाले, "मी कबूल केलं ते सहा महिन्यांसाठी. गुन्ह्यासाठी नव्हे." त्या वाक्यामुळे मी कायदा वाचू लागलो.

ज्याला आपल्याकडेही प्ली बार्गेनिंगच म्हणतात, ती तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि ५ जुलै २००६ पासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अशा निकालावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज, एवढ्याच वाटा उघड्या राहतात. तर्क सरळ आहे: मागितले ते मिळाले, मग तक्रार कसली? तक्रार करायचीच, तर ती 'मी निर्दोष आहे' अशी करून फारसे भागत नाही. 'तो होकार माझा नव्हता' हे दाखवावे लागते. आणि कागदावर फक्त होकार उमटलेला असतो. थकवा नोंदवायला तिथे रकाना नाही.

ही तरतूद येण्याच्या कितीतरी आधीचा थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य हा निवाडा मला सापडला. सौम्य शिक्षेच्या भरवशावर आरोपीने गुन्हा कबूल केला आणि वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने हे अनुच्छेद २१ च्या विरुद्ध ठरवले, दोषसिद्धी रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला परत पाठवला.

मी उत्साहाने मामांना घेऊन दुसऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "जिंकलात तर काय मिळेल, ठाऊक आहे ना? खटला. पहिल्यापासून."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. करार मोडला की त्यातली सवलतही मोडते. आरोपीला निर्दोषपण परत मिळत नाही. निर्दोष ठरण्याची संधी तेवढी परत मिळते, तीही जुन्या जोखमीसकट.

मामांनी एकच प्रश्न विचारला, "त्या बाईंना पुन्हा कोर्टात यावं लागेल का?"

"बहुधा हो."

अर्ज झाला नाही. मामांनी फाइल बांधून माळ्यावर टाकली. या वेळी मात्र त्यांच्यावर कुणाचाही दबाव नव्हता, एवढे मी शपथेवर सांगू शकतो.