पसरणीच्या घाटातले दोन दिवे

महाबळेश्वरला लोक सूर्यास्त पाहायला जातात. बॉम्बे पॉइंटवर दाटीवाटीने उभे राहतात, लाल गोळा कोकणाकडे बुडाला की हळहळतात, आणि भाजलेले कणीस खात बाजारात परततात. त्यानंतर डोंगरावर जो अंधार उतरतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. यंदा भाद्रपदात मला तो पाहण्याचा योग आला, आणि तोही एका पंचवीस वर्षांच्या पिकअप गाडीच्या काचेतून.

गाडी आमच्या दाजींची. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर भोसे गावाजवळ त्यांची दीड एकर स्ट्रॉबेरी आहे. या फळाला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाबळेश्वरचे नाव डब्याडब्यावर गेले. परंतु या राजकन्येचे बालपण पुष्कळदा वाईकडे जाते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाहून आलेली मातृरोपे पावसाळ्यात वर तग धरीत नाहीत. कशी धरतील? वर्षाला सव्वादोनशे इंचांच्या घरात पाऊस! जुलै 2021 मध्ये तर एका दिवसात 594 मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक कोसळला होता. म्हणून रोपवाटिका खाली, जिथे पावसाला थोडी माणुसकी आहे तिथे. पुढे भाद्रपद-आश्विनात ही कोवळी रोपे वर आणून लावायची. त्यांना गावात सगळे 'रनर'च म्हणतात. दुपारनंतर काढायची, ऊन टळल्यावर गाडीत भरायची आणि सकाळी वाफ्यात लावायची. ताडपत्रीखाली तापली की मान टाकतात. त्यामुळे दाजींची गाडी घाट चढते ती नेमकी दिवेलागणीला.

आणि दिव्यांचीच तर रड होती. जीपच्या घराण्यातली ही गाडी; पुढे सात इंची दोन गोल दिवे. गावात तिला म्हातारी म्हणतात. तिच्या दिव्यांचा उजेड देवघरातल्या समईइतका शांत आणि पिवळसर. दाजी म्हणत, "आपल्याला वाट पाठ हाय, दिवे समोरच्यासाठी." पण मागच्या वर्षी धुक्यात त्यांनी कठड्याचा एक दगड पाडला होता, हे अक्काने मला हळूच सांगितले. दगडापलीकडे काय होते, ते तिने सांगितले नाही.

यावर भाच्याने उपाय काढला. तो साताऱ्याला डिप्लोमा करतो. त्याने घरबसल्या एलईडीचे दोन बल्ब मागवले आणि जुन्याच काचांत बसवले. डब्यावर उजेडाचे आकडे असे छापले होते की बंदरावरच्या दीपगृहालाही लाज वाटावी. (डब्यावर काहीही छापता येते.)

त्या संध्याकाळी वाईच्या ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडून आम्ही निघालो. दाजी चालवायला, मध्ये भाचा, कडेला मी. पसरणी मागे पडली. शाहीर साबळ्यांचे हे जन्मगाव. दाजी ते दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी नव्याने ऐकतो. घाट सुरू झाला. मागे धोमच्या पाण्यावर उजेडाची शेवटची रेघ होती. नवे दिवे लागले आणि खरे सांगतो, मी 'वा!' म्हणालो. रस्त्यावरचा खडा न् खडा पांढराशुभ्र दिसत होता. भाच्याची मान ताठ झाली.

बुवासाहेबांच्या देवळाच्या वर ढग रस्त्यावर उतरला होता. एका वळणावर आम्ही त्यात शिरलो आणि समोर भिंत उभी राहिली. दुसरा शब्द नाही. चुना लावलेली, लखलखीत भिंत, बॉनेटपासून दोन हातांवर. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग आपल्याच डोळ्यांवर परत फेकतो. उजेड जितका जास्त आणि जितका डोळ्यांच्या रेषेजवळ, तितकी भिंत जाड. दाजींनी डिपर मारला, भिंत तशीच. डिपरवर प्रकाश खाली जायला हवा, तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात भिंतीतून एस. टी. चा भोंगा आला. दोन्ही गाड्यांचे ब्रेक एकदमच लागले असावेत. थांबलो तेव्हा दोन बंपरांत एक माणूस आडवा झोपेल एवढे अंतर होते. ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटले, आता शिव्या. तो डोळे चोळत आला आणि म्हणाला, "पाव्हणं, तुमास्नी दिसावं म्हणून मला आंधळं करताय व्हय? माझ्या मागं चाळीस जीव हायती."

दाजींनी नुसते हात जोडले. उरलेला घाट आम्ही पार्किंगच्या दिव्यावर चढलो. भाचा खिडकीतून टॉर्चने कडेची पांढरी पट्टी दाखवीत होता आणि कोणी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी वाईतल्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे. साठीचा माणूस, चष्म्याला दोरा. त्यांनी एलईडीचा बल्ब काढून तळहातावर जुन्या बल्बशेजारी ठेवला आणि भाच्याला जवळ बोलावले. जुन्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, अप्परची आणि डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वरून कापल्यासारखा सपाट पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. मागची वाटोळी आरशी त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली. नव्या बल्बातली उजेडाची टिकली जराशी इकडेतिकडे बसली, की आरशी बिचारी उजेड जिकडे सुचेल तिकडे उधळते. "देव बदलला की देव्हारा बी बदलाय लागतो," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि दिव्याच्या होल्डरवर 11.6! मधले दोन व्होल्ट कुठे गेले? पंचवीस वर्षांच्या बारीक तारांत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि डॅशबोर्डवरच्या झिजलेल्या बटणात. दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण असल्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या कितीतरी वेगाने घसरतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाले की तीस टक्के उजेड जातो. म्हातारीच्या हिशेबाने ती अर्ध्याहून जेमतेम जास्त उजेडावर इतकी वर्षे घाट चढत होती. तिचा दोष नव्हता. तिला पोटभर मिळतच नव्हते.

उपाय साधा निघाला. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड तार थेट दिव्यांपर्यंत, मध्ये दोन रिले. आता दिव्यांचा नऊ-दहा अँपियरचा भार बटणावर नाही. बटणाने रिलेला नुसती खूण करायची. अर्थिंग घासूनपुसून नवे. भाच्याने विचारले, "मग शंभर-नव्वदचे बल्ब टाकू या?" मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक वितळलेला होल्डर उचलून दाखवला. ते बल्ब नियमात बसत नाहीत, आणि होल्डरलाही सोसत नाहीत. बल्ब साठ-पंचावन्न वॅटचेच आले. ते बसवताना काचेला बोट लावू दिले नाही. बोटाचे तेल लागले की ती जागा तापून बल्ब लवकर जातो.

आरशी आणि काच मात्र नवी घेतली, आणि तिथे एक गंमत झाली. दुकानातून आलेली पहिली जोडी मिस्त्रींनी परत धाडली. ती उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांची होती. डिपरचा झोत एका कडेला थोडा वर चढतो, म्हणजे पायी चालणारा दिसावा. आपल्याकडे ती कड डावी हवी; उलटी काच बसली तर तोच चढता झोत समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर.

फोकस लावायला गाडी एका गोदामाच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली. मिस्त्री म्हणाले, "माल भरा." मागे खताची पोती घातली, वर शेजारची दोन पोरे चढवली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे! रोपांचे क्रेट आणि ओली माती घेऊन चढणाऱ्या पिकअपचे बूड बसते, नाक वर होते आणि दिवेही आकाशाकडे पाहू लागतात. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूने रेघ ओढली आणि झोताची वरची कड तिच्याखाली दोन इंच आणली.

शेवटी बंपरखाली, जमिनीलगत, दोन पिवळे फॉग लॅम्प. पिवळा उजेड धुके भेदतो असे मिस्त्री ठामपणे म्हणाले. शास्त्र तसे म्हणत नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पांढरा काय नि पिवळा काय, सारखेच परतवतात. फ्रान्सने 1936 साली पिवळ्या हेडलाइटचा कायदा केला आणि 1993 पर्यंत तो पाळला. डोळ्याला पिवळा कमी खुपतो, एवढे मात्र पुष्कळांचे मत आहे. मी या वादात पडलो नाही, कारण दिवा खाली असावा आणि झोत रुंद व चपटा असावा, याविषयी मिस्त्री आणि शास्त्र दोघांचे एकमत होते. सगळा खर्च भाच्याच्या त्या दोन बल्बांहून कमी आला. त्याने हिशेब दोनदा करून पाहिला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तोच माल. देवळाच्या वर ढग आमची वाट पाहत होता. दाजींनी अप्पर बंद केला, खालचे पिवळे लावले. भिंत आली, पण कमरेइतकी. तिच्याखालून रस्ता दिसत होता; फार नाही, डावीकडची पांढरी पट्टी आणि पुढचे पाच-सहा दगड. दाजींनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि वेगाचा काटा पंधरावर ठेवला. एका वळणावर समोरून उजेड आला. त्याने डिपर दिला, आम्ही दिला, आणि एक एस. टी. शेजारून शांतपणे उतरून गेली. तोच ड्रायव्हर होता की काय, कळायला मार्ग नव्हता. भाच्याने मात्र तिच्या खिडक्या मोजल्या.

दांडेघर, पाचगणी, मग भोसे. अक्का बांधावर बॅटरी घेऊन उभी होती. "आवं, गाडी पार दारात आली तरी उजेड दिसला न्हाई," ती म्हणाली, "आवाज झाला तवा कळलं." मग ताडपत्री वर करून तिने क्रेटमध्ये हात घातला आणि पाने चाचपून पाहिली. गार होती.