सुंभाचा पीळ

हात सैल सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मनगट सोडता येतं. ब्रश पत्र्याच्या कडीपाशी न धरता पार मागं, दांड्याच्या टोकाशी धरायचा. बसून नाही, उभं राहून काम करायचं, कोपर अंगाला चिकटू द्यायचं नाही. अधूनमधून मागं सरून डोळे बारीक करून बघायचं. बारीक डोळ्यांना पापणीचे केस दिसत नाहीत. सावली कुठं आणि उजेड कुठं, एवढंच दिसतं. मग मोठा चपटा ब्रश घेऊन आधी सावलीचा सगळा भाग एका रंगात घालायचा, त्यात नाक-डोळे शोधत बसायचं नाही. हे सगळं चित्रकलेच्या वर्गात सुरुवातीलाच सांगतात आणि मी ते करतोही. तरी दुपार कलेपर्यंत हात पुन्हा आवळतो, हातातला ब्रश बारीक होत जातो आणि भुवईचा केस न् केस कॅनव्हासवर उतरू लागतो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आमच्याकडं ताठ माणसाबद्दल म्हणतात. वतन गेलं, पैसा गेला, तोरा तेवढा राहिला, असा त्याचा रोख. अलीकडं मला ही म्हण डोळ्यांसमोर दिसू लागली आहे. पूर्वी पानाच्या दुकानात विडी पेटवायला सुंभ टांगलेला असायचा. काथ्याची ती दोरी भडकत नाही, धुमसत वर सरकते, आणि वारं नसेल तर विस्तवाच्या खाली बोटभर राख तशीच लोंबत राहते. त्या राखेत प्रत्येक वळसा जागच्या जागी असतो. काथ्या गेलेला असतो, वळण तेवढं उरलेलं असतं. बोट लागलं की तेही गेलं.

म्हण त्या पिळाला खोड समजते. पण पीळ नसता तर काथ्याचा सुंभ झालाच नसता. तो भुसकट होऊन उडून गेला असता. दोरी वळताना मी पाहिली आहे. आधी दोन पेड वेगवेगळे एका दिशेला पिळायचे आणि मग ते दोन्ही एकमेकांवर उलट्या दिशेनं वळायचे. पहिला पीळ सुटायला बघतो, दुसरा त्याला सुटू देत नाही. म्हणजे दोरीची ताकद दोन पिळांच्या भांडणात असते. माझ्या हाताचं असंच काही असेल का? एक पीळ उकलायला गेलो तर दुसराही सुटेल आणि हाती नुसता काथ्या उरेल, अशी भीती मला वाटते. ती खरी आहे की आळसाची सबब आहे, ते ठरत नाही.

हाताला हा पीळ कुठून आला, ते मात्र ठाऊक आहे. नंदगडसारख्या गावात व्यक्तिचित्राचं काम म्हणजे बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचं काम. दिवसकार्य उरकलं की मुलगा येतो, पाकिटातून ओळखपत्र काढतो आणि त्यावरचा नखाएवढा फोटो दाखवून म्हणतो, "एवढाच हाय बघा अप्पांचा." समोरून मारलेला उजेड, सपाट चेहरा, कॅमेऱ्याला दचकलेले डोळे. आधी त्याचा मोठा प्रिंट काढायचा, त्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर आखायच्या आणि घर न् घर भरत जायचं. तिथं सैल हाताला वावच नसतो. चित्र न्यायला घरची सगळी माणसं येतात आणि बोट ठेवून तपासतात: फेट्याची घडी, गळ्यातली माळ, कानावरचा तीळ. तीळ सापडला की सून डोळ्यांना पदर लावते. वर्षानुवर्षं हात त्या तिळासाठी राबला आहे. त्या हाताला आता तीळ सोडून दे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

समोर जिवंत माणूस बसला की गोष्ट वेगळी होते. शेजारच्या आज्जी पावसाळ्यात उत्तरेच्या खिडकीपाशी येऊन बसतात. खानापूर तालुक्यातला पाऊस लागला की तैलरंग सुकता सुकत नाहीत. हवेतला प्राणवायू घेऊनच अळशीचं तेल घट्ट होतं, आणि ओलीत त्याला फार वेळ लागतो. कॅनव्हास सैल पडतो, मागच्या पाचरी पुन्हा ठोकाव्या लागतात. पण उजेड त्या दिवसांतच सगळ्यात चांगला. मळभातून चाळून आलेला, दिवसभर जवळजवळ एकाच जागी राहणारा. आज्जी गप्प बसत नाहीत. नातवाला हाक मारतात, भात कुठवर आला ते सांगतात, मान वळवतात. मी आखलेली नाकाची रेघ तेवढ्यात खोटी ठरते. एकदा नाकाच्या सावलीत बर्न्ट अंबर आणि इंडियन रेड एकत्र घेऊन एकच फटकारा ओढला. तो नाकपुडीपाशी ओल्या गालात मिसळला आणि कड नाहीशी झाली. नथीच्या भोकाजवळची ओघळलेली कातडी मी काढली नव्हती, तरी ती तिथं दिसत होती. आज्जी उठून आल्या, लांबूनच बघून म्हणाल्या, "व्हय, मीच की." मग जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हितं तर काहीच न्हाई."

दोन्ही वाक्यं खरी होती. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं पाहतानाही मला तीच आठवतात. जॉन सिंगर सार्जंट 1879 साली माद्रिदच्या प्रादोमध्ये बसून व्हेलास्केसच्या नकला करत होता, पुढच्या वर्षी हारलेमला जाऊन फ्रान्स हाल्सच्या केल्या. त्याचे फटकारे पाहिले की वाटतं, चित्र एका दमात झालं असेल. पण चेहरा मनासारखा उतरला नाही की तो सबंध चेहरा खरवडून काढायचा आणि नव्यानं घालायचा. दिसतो तो सैलपणा शेवटच्या फेरीचा. आधीच्या फेऱ्या चिंध्यांना पुसल्या गेलेल्या असतात. आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं उदाहरण याच्या उलट. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. त्यांची मुलगी गीता, पुढं कोल्हापूरच्या गीताताई उपळेकर, त्या चित्रासाठी उभी राहिली होती. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात इतकं ते रेखीव आहे. आणि आहे जलरंगात! जलरंग खरवडता येत नाही, पुन्हा झाकता येत नाही. बोटांतून झिरपणारा तो प्रकाश आवळलेल्या हातानं कागदावर उतरणं शक्य नाही. मग रेखीव चित्र म्हणजे घट्ट हात, हा हिशेबच चुकतो. आमच्या बेळगावात 1935 साली जन्मलेले रवी परांजपे के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकले आणि त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'ब्रश मायलेज'. ब्रशनं किती अंतर कापलं, हाच त्या नावातला सवाल. मला तो पटतो. पण माझ्या ब्रशनंही अंतर कापलंच आहे. फक्त सगळं चौकटी आखलेल्या रस्त्यानं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त छळतो तो आमच्या गावचाच एक चेहरा. क्रांतिवीर संगोळी रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडजवळ फाशी दिली. वडाखाली त्यांची समाधी आहे, माणसं लांबून येऊन तिथं माथा टेकतात. फोटोची कला जगाला कळली 1839 साली. म्हणजे आठ वर्षांनी चुकामूक झाली, आणि नखाएवढा फोटोसुद्धा नाही. तरी रायण्णा कसे दिसतात हे इथल्या पोरासोरांना विचारा, कुणी अडखळणार नाही. डोक्याला पटका, भरघोस मिशा, हातात तलवार, ताठ मान. तो चेहरा चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी घडवला, लोकांनी मानला, आणि आता त्यात बदल केला तर लोक म्हणतील, हे रायण्णा नव्हेत.

कशावरून नव्हेत? असा प्रश्न मी कधी मोठ्यानं विचारला नाही, कारण तो उद्धट वाटतो. पण तो सोडतही नाही. शिवाजी महाराजांच्या बाबतीत वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी कागदपत्रांत शोध घेऊन अस्सल चित्र लोकांपुढं ठेवलं, तोवर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. तिथं निदान कुठंतरी एक खरा कागद होता. रायण्णांच्या चेहऱ्यासाठी असा कागद कोणत्या कपाटातून निघणार? आणि उद्या निघालाच, त्यात मिशा बारीक आणि डोळे शांत निघाले, तर समाधीवर आलेला म्हातारा त्या चित्राला हात जोडेल का? मला वाटतं, नाही जोडणार. तो ज्याला हात जोडतो ते नाक-डोळे नव्हेतच. सुंभ जळून दोनशे वर्षं होत आली आणि लोकांनी पीळ तेवढा धरून ठेवला.

इथवर आलो की वाटतं, उत्तर मिळालं. चित्रात आणायचा तो पीळ. काथ्या गेला तरी चालेल. तीळ सोडावा, माळ सोडावी, मान कशी धरली होती तेवढं दोन फटकाऱ्यांत यावं. पण लगेच ती सून आठवते. तिच्या सासऱ्याचा गावानं मानलेला चेहरा नाही, समाधी नाही, पोवाडा नाही. त्या माणसाची या जगात उरलेली एकमेव खूण म्हणजे तो कानावरचा तीळ. तो गाळायचा अधिकार मला कुणी दिला? रायण्णांचं चित्र मोकळ्या हातानं काढता येईल, कारण ते लाखो लोकांच्या मनात भरून आहेत. मी सोडलेली जागा बघणारा स्वतः भरून काढेल. अप्पांच्या चित्रात सोडलेली जागा कोण भरणार? घरातली चार माणसं भरतील. ती गेल्यावर नातवाच्या मुलाला भिंतीवर फक्त फटकारे दिसतील.

की फटकारेच त्याला जास्त सांगतील? भुवईचा केस न् केस काढलेली जुनी चित्रं मी घराघरांत पाहिली आहेत. त्यांत तीळ आहे, माळ आहे, अंगठीचा खडाही आहे, आणि माणूस मात्र एकसारखा, कुणाचाही आजोबा वाटावा असा. मग त्या तिळानं काय राखलं? आज्जींचं चित्र अजून ओलं आहे आणि नथीची जागा तशीच मोकळी आहे. ती भरावी असं रोज सकाळी वाटतं, संध्याकाळी नको वाटतं.

एक मात्र मागून घेतो. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला एखाद्या दिवशी खिडकीपाशी बसवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या, त्याला बोलतं ठेवा आणि बोलता बोलता फोटो काढा. एक नको, पाच-दहा काढा. कागदावर छापून घ्या, मागं नाव-गाव लिहा. पुढं चित्रकाराकडं जायची वेळ आलीच तर ओळखपत्र आणू नका, ते फोटो आणा.