तीन शपथा, एक क्रूस

१६ मार्च १९३६. जर्मनीने सक्तीची लष्करभरती पुन्हा जाहीर केल्यास बरोबर एक वर्ष झाले होते. त्या दिवशी वेअरमाख्टची दीर्घसेवा-पदके स्थापन झाली. ४ व १२ वर्षांसाठी पदक, १८ व २५ वर्षांसाठी क्रूस. जुन्या सैन्यातील वर्षेही मोजली जात. म्हणजे १९११ मध्ये भरती झालेल्याने आधी राजाशी, मग वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेशी आणि ऑगस्ट १९३४ मध्ये थेट हिटलरशी एकनिष्ठतेची शपथ घेतलेली असे. सोनेरी क्रूस मात्र एकच. पदकांवर तर अक्षरे होती, ‘वेअरमाख्टमधील निष्ठावंत सेवा’. निष्ठा नेमकी कोणाशी?

संग्राहक मुलामा, फीत, गरुडाची पिसे बारकाईने तपासतो. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचे नाव कोरलेले सापडते, यांवर ते नसे. म्हणून जाणता संग्राहक आधी प्रदानपत्र मागतो. माणूस त्या कागदावरच उरलेला असतो.