खारबांध

आजीच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीची एक वही होती. तिच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी ती माझ्या हाती आली. आमच्या घराण्याची अलिबाग तालुक्याच्या खारपट्ट्यात काही भातशेते होती. ती कुळे कशीत आणि खंडाचे भात आमच्या ओटीवर येई. 1 एप्रिल 1957 रोजी, कृषकदिनी, कूळकायद्याने ती कुळांची झाली. माझा जन्म त्यानंतरचा. तरीही ‘आपली शेतं गेली’ हे वाक्य बालपणी इतक्यांदा कानी पडले, की न पाहिलेल्या जमिनीचे दुःख मी वारशाने बाळगून होतो.

वहीत मात्र निराळीच कथा होती. एका सालाखाली आजोबांच्या वळणदार अक्षरात नोंद होती : ‘बांध फुटला. भात नाही. खंड पुढील सालावर बाकी.’

खारजमिनीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला या नोंदीतील क्रौर्य कळेल. भरतीचे पाणी अडविणारा मातीचा बांध हा तेथील शेतीचा प्राण. त्याला खांड पडली की खारे पाणी खाचरांत शिरते, आणि मुरलेले मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात. बांधावर चिखलाची भर घालणे, उघाडी सांभाळणे हे श्रम आजचे. त्यांचे फळ पुढच्या सालांचे. पुढच्या साली जमीन आपल्याकडे राहील याची ज्याला शाश्वती नाही आणि वाढलेले पीक दुसऱ्याच्या ओटीवर जाणार हे जो जाणतो, त्याने तो बांध कोणासाठी राखावा? आमच्या घरात ज्याला कुळाचा आळस म्हणत, तो वस्तुतः त्याचा हिशेब होता.

हा हिशेब याच तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांनी 1933 साली उघडपणे मांडला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. तो संप 1939 पर्यंत चालला. पिकविणाऱ्यांनीच शेते ओस ठेवून उपासमार पत्करली. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यालाही कोकणातील कुळांच्या याच दुःखाची पार्श्वभूमी होती.

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही 1987 सालची कादंबरी मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविली. घराण्याचे प्राक्तन, ऱ्हासाची शोकात्मता असे शब्द फळ्यावर लिहिले. आमच्याच बांधावर चिखल कोण टाकीत होते, हा प्रश्न त्या काळात मला एकदाही पडला नाही. समीक्षकाची दृष्टीही वारशाने येते, हे उशिरा उमगले.

निवृत्तीनंतर ती शेते पाहायला गेलो. कुळाचा नातू बांधावर भेटला. जमीन नावावर झाल्यावर त्याच्या आजोबांनी भाऊबंद जमवून दोन उन्हाळे खपून बांध उंचावला होता. “सातबाऱ्यावर नाव लागलं, त्या रात्री भरतीच्या वेळी आजोबा कंदील घेऊन बांधावर गेले,” तो म्हणाला, “खांड पडली का बघायला.” आता वाटण्या झाल्या आहेत, मुले कारखान्यात जातात, बांध पुन्हा खचू लागला आहे. हक्क मिळाला म्हणजे सारे मिळाले असे नव्हे, हेही त्याने लपविले नाही.

निघताना त्याने तांदळाची पिशवी हाती ठेवली. मी पैसे काढू लागलो. “खंड नाही हो सर, भेट आहे,” तो हसून म्हणाला.

वहीची शेवटची पाने अजून कोरी आहेत. त्या तांदळाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.