तीन ॲगाथा ख्रिस्ती

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकापासून तापकीर गल्लीपर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही. चौकात पुस्तकं मिळतात, गल्लीत वायरी, अडॅप्टर, राउटर आणि हार्ड डिस्क. एके काळी आम्हा ग्रंथपालांची फेरी चौकापर्यंतच असायची. यादी द्यायची, सुटीवरून घासाघीस करायची, बिलं घ्यायची की झालं. आता मार्चअखेरीच्या खरेदीत बारकोड स्कॅनर आणि बॅटरी बॅकअपही असतो, त्यामुळे गल्लीतल्या दुकानदारांनाही आमचे चेहरे ओळखीचे झाले आहेत.

याच पेठेत १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकारानं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच आजची पुणे नगर वाचन मंदिर ही संस्था. आरंभी ती बुधवारवाड्यात होती. १८७९ च्या आगीत वाडा गेला, संस्था टिकली. म्हणजे पेठेला ग्रंथालयाची सवय होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. ग्रंथपालन शिकवण्याची सोय मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. तोवर आपल्याकडे ग्रंथपाल घडायचा तो कपाटापाशी उभं राहूनच. ऑनलाइन शिक्षणाबद्दल माझं जे मत झालं आहे, तेही या कपाटाजवळच येऊन थांबतं.

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, कोणता ऑनलाइन कोर्स केला तर टेक्नॉलॉजीत नोकरी लागेल?’ मी त्यांना कोर्सचं नाव सांगत नाही. कोणत्याही मराठी ग्रंथालयाचा संगणकीय कॅटलॉग उघडा आणि ‘ॲगाथा ख्रिस्ती’ शोधा, असं सांगते. काही पुस्तकं सापडतात. मग ‘ॲ’ दुसऱ्या कळांनी टाइप करून पुन्हा शोधायला लावते. आता वेगळीच पुस्तकं समोर येतात. तिसऱ्या पद्धतीनं आणखी वेगळी. बाई एकच, तिच्या अनुवादांचं कपाट एकच, पण संगणकाच्या लेखी तिघीजणी.

कारण असं. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी कुणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवला, तर कुणी हिंदी पद्धतीचा ‘ए’वर चंद्र असलेला स्वर वापरला. पहिला प्रकार पडद्यावर नव्या ‘ॲ’सारखाच दिसतो, यंत्राच्या दृष्टीनं मात्र ही तिन्ही वेगवेगळी चिन्हं आहेत आणि युनिकोड त्यांना आपणहून एक मानत नाही. ‘ऱ्या’तल्या अर्ध्या ‘र’चंही तसंच. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. क्रमवारीची आणखी निराळी गंमत. मराठी माणूस ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी शोधतो; संगणकाला मराठीचा क्रम सांगितला नसेल तर तो ‘क्षितिज’ला ‘क’मध्ये नेऊन बसवतो. वाचक येतो, शोधतो, ‘पुस्तक नाही’ असं वाचतो आणि जातो. पुस्तक तिसऱ्या कपाटात धूळ खात असतं.

हा गोंधळ कुणाच्या आळशीपणातून आलेला नाही. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं बरंचसं काम ज्या शहरात झालं, त्या शहरालाच तो जास्त भोगावा लागला एवढंच. सी-डॅक १९८८ साली पुण्यात सुरू झाली. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची. ‘स्लिम’ हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर करणारी अल्गोरिदम्स कन्सल्टंट्सही पुण्याचीच. त्यामुळे इथली ग्रंथालयं लवकर संगणकाकडे वळली, आणि लवकर वळली म्हणून त्यांच्या हजारो नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप झाल्या. त्या फाँटमध्ये अक्षर साठवलं जात नसे, अक्षराचे आकार साठवले जात. फाँट काढून घेतला की उरतात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. पुणेरी शिस्तीनं केलेला सगळा दाखला दहा-पंधरा वर्षांनी वाचता येईनासा झाला, अशी उदाहरणं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहेत.

अशी जुनी नोंद युनिकोडमध्ये आणायची म्हणजे अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. रफार तिथे अक्षरानंतर येतो, इथे तो आधी हवा. मध्ये जोडाक्षर असेल तर वेलांटी नेमकी किती पुढे सरकवायची हे ठरवावं लागतं, नाहीतर ‘स्थिती’चं भलतंच काहीतरी होऊन बसतं. त्यासाठी नियम लिहायचे, ते चालवून पाहायचे, चुकलेल्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि नियम सुधारायचे. हे करणाऱ्या माणसाला पायथॉनची थोडी ओळख लागते, मराठी शुद्धलेखन पक्कं लागतं आणि तालिकीकरण येत असावं लागतं. ही तिन्ही एका माणसात मिळणं अवघड. संगणक अभियंत्याला वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच हे ठाऊक असेलही. पण नाटकं एका नावावर, कविता दुसऱ्या नावावर, आणि वाचकानं कुठलंही नाव टाकलं तरी दोन्ही सापडली पाहिजेत, ही काळजी त्याच्या अभ्यासक्रमात नसते. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे, नुसते ‘पु. ल.’ आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे : ही आमची कामं.

मग शिकायचं कुठे? चांगल्या जागा आहेत. ‘लायब्ररी कार्पेंट्री’ या नावाचे मोफत धडे आहेत. २०१५ साली लंडनमध्ये एका कार्यशाळेतून ते सुरू झाले आणि आता जगभरचे ग्रंथपाल ते वाढवत असतात. त्यात ‘ओपनरिफाइन’ शिकवतात. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या नोंदींचे गट करून दाखवणारं हे मोफत साधन आहे. माझ्या मते ग्रंथपालानं आधी हे एक शिकावं, बाकीचं मागाहून. त्यानंतर ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखा पेलणार नव्हती, म्हणून त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती चालू केली आणि सगळ्या जगाला मोफत देऊन टाकली. फुकट म्हणून आपल्याकडे अनेकांनी ती बसवली, पण लिनक्सचा सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो आणि देवनागरीत शोध नीट चालायचा तर अनुक्रमणीची एक मांडणी मुद्दाम बदलावी लागते, हे बसवताना कुणी सांगत नाही. ज्याला हे येतं त्याला आज काम आहे. पगार डोळे दिपवणारा नसतो, पण फोन वाजत राहतो.

आपल्या देशातही सोय कमी नाही. महाविद्यालयांना ‘सोल’ हे सॉफ्टवेअर आणि संशोधकांना ‘शोधगंगा’ देणारी इन्फ्लिबनेट आज गांधीनगरला आहे. पण १९९१ मध्ये ती पुण्याच्या आयुकाच्या छत्राखाली एक प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झाली. ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम आहेत. इग्नूची ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगची पदविका आहे. मालवीय मिशनचे ऑनलाइन उजळणी वर्ग महाविद्यालयीन ग्रंथपालांना पदोन्नतीसाठी करावेच लागतात.

‘करावेच लागतात’ इथेच पाणी मुरतं. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा जो पूर आला, त्यात कॅमेरा बंद ठेवून, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून प्रमाणपत्रं गोळा करण्याची कला आमच्या व्यवसायानं पूर्ण आत्मसात केली. सकाळी एक, दुपारी एक. काही बायोडेटांना त्यामुळे दैनिकाच्या पुरवणीइतकी जाडी आली. वक्ते ‘बदलत्या युगातील ग्रंथपाल’ या विषयावर बोलले, आणि बदललं ते फक्त पडद्यामागचं चित्र. मुलाखतीला बसल्यावर मी ही प्रमाणपत्रं बाजूला ठेवते आणि पन्नास बिघडलेल्या नोंदींची फाइल समोर ठेवते. तासाभरात उमेदवार काय करतो ते पाहिलं की पुरे.

२००६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयानं कर्मचाऱ्यांसाठी एक साधा कार्यक्रम आखला होता. हेलेन ब्लोअर्स यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या कार्यक्रमात तेवीस छोट्या गोष्टी होत्या. प्रत्येकानं आपल्या वेळेनं त्या स्वतः करून पाहायच्या आणि काय झालं ते लिहायचं. पुऱ्या करणाऱ्याला बक्षीस म्हणून गाणी ऐकायचा छोटा प्लेअर. परीक्षा नाही, श्रेणी नाही. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी ही पद्धत उचलली. तिचं मर्म मला वाटतं ते असं की करून पाहिलेली गोष्ट अंगात राहते, आणि संस्थेनं तिची दखल घेतली तर माणूस पुढची करतो.

आपल्याकडे अडतं ते या दुसऱ्या भागाशी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं हजारोंच्या घरात आहेत. २०२२ च्या अखेरीस सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ केली, ती आवश्यकच होती. तरी ‘ड’ वर्गातल्या गावच्या ग्रंथालयात जो एकटा माणूस कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो आणि देवघेव करतो, त्याच्या हाती महिन्याला काय पडतं हे विचारायला धीर लागतो. त्याला ‘रात्री घरी बसून कोर्स करा’ म्हणणं मला लाजिरवाणं वाटतं. कार्यकारिणीनं आठवड्यातून दोन तास ग्रंथालयाच्याच वेळेत शिकायला द्यावेत, इंटरनेटचा खर्च उचलावा, आणि शिकलेलं तिथेच वापरू द्यावं. अनेक कार्यकारिणी संगणक घेतात, फीत कापतात, फोटो काढतात. तो चालवणाऱ्याच्या शिकण्यावर खर्च करायचा ठराव मात्र क्वचितच होतो.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगायचं तर ‘ग्रंथपाल’ या नावाच्या कायम जागा कमी आहेत आणि लवकर वाढतील असं मला दिसत नाही. ग्रंथपालाचं काम मात्र वेगळ्या नावांनी पसरलं आहे. संशोधन संस्थांना प्रबंध आणि निबंधांचं भांडार सांभाळणारा माणूस हवा असतो. मोठ्या कंपन्यांना स्वतःचीच कागदपत्रं सापडेनाशी झाली आहेत. जुन्या मराठी ग्रंथांचं स्कॅनिंग जोरात चालतं, पण यंत्रानं वाचलेला मजकूर तपासणारा आणि प्रत्येक फाइलला नीट नाव-गाव देणारा नसेल तर ते सगळं चित्रांचं गोदाम होतं. यंत्राला मराठी शिकवण्याच्या आजच्या धडपडीतही कोणता मजकूर कुणाचा, कधीचा, कोणत्या आवृत्तीतला हे सांगणारं कुणीतरी लागतंच. या जाहिरातींत ‘ग्रंथालयशास्त्राची पदवी’ असं लिहिलेलं नसतं. तरी अर्ज करावा.

आणि काम शिकायला स्वतःचं ग्रंथालय पुरतं. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली ती संगणकाशिवाय. दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली त्याच दीडशे वर्षांतल्या नियतकालिकांची सूची १९६९ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं प्रसिद्ध केली. त्यांच्या पुढचं काम आपल्या कपाटात पडून आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपण दिवाळी अंक काढतो, वर्गणीदार ते रांग लावून नेतात, आणि आमच्या कॅटलॉगात त्यांची नोंद एका ओळीत संपते : नाव, वर्ष, संपादक, किंमत. आतली कथा कुणाची, लेख कशावर, कोणत्या पानावर, काही नाही.

म्हणून तरुण ग्रंथपालांना माझं सांगणं आहे की यंदा एक दिवाळी अंक निवडा आणि त्याच्या हाती लागतील तेवढ्या वर्षांच्या अनुक्रमणिका तक्त्यात भरा. लेखक, शीर्षक, प्रकार, वर्ष, पान एवढे रकाने पुरतात. सगळं युनिकोडमध्ये, ‘ॲ’ एकाच पद्धतीनं. मग ओपनरिफाइनमधून ते साफ करा, कोहात चढवा, आणि नोकरीच्या अर्जाला तो दुवा जोडा. वाचकांकडेही एक मागणं आहे. माळ्यावरचे जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्याआधी प्रत्येकाच्या अनुक्रमणिकेचा मोबाइलवर फोटो काढा, अंकाचं नाव आणि वर्ष लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. अंकच दिलेत तर आणखी उत्तम.